पिशवीचा खटका

एका हातात अर्धं खाल्लेलं बिस्किट धरून तिने दुसऱ्या हाताने आपल्या प्लंबर नवऱ्याच्या पोटरीला बांधलेल्या पिशवीचा खटका उघडला. खाली ठेवलेल्या प्लास्टिकच्या भांड्यात लघवी पडू लागली. ती पडत असतानाच तिने उरलेलं बिस्किट तोंडात टाकलं, चावलं, आणि शेजारच्या खाटेजवळ बसलेल्या बाईला म्हणाली, "आज कॅन्टीनवाल्याने दूध फारच पातळ दिलं हो."

प्लंबरने डोळे मिटून घेतले. त्याला ढवळून आलं. भांड्यातल्या वासाला तो केव्हाच सरावला होता. ढवळलं ते त्या बिस्किटामुळे.

"अगं, आधी खाऊन तरी घे," तो म्हणाला.

"खातेच आहे की."

"हात धुऊन खा म्हणतो मी."

"भांडं ओतून आले की एकदमच धुते. सारखं कितीदा उठायचं?"

तिने खटका बंद केला, ओली बोटं कमरेजवळ स्वतःच्याच कपड्यांना पुसली आणि भांडं घेऊन वॉर्डच्या टोकाला निघून गेली. जाताना कुणाशी तरी बोलली, हसलीही.

हीच ती बाई, असं त्याला दर वेळी स्वतःला बजावून सांगावं लागे. लग्न झाल्यापासून हिने त्याला कधी पुढच्या दाराने घरात घेतलं नव्हतं. तुंबलेल्या मोऱ्या, संडास, गटाराचे चेंबर हाच त्याचा धंदा. संध्याकाळी तो आला की मागच्या पायरीवर बादली तयार असायची, त्याचा वेगळा साबण असायचा आणि कामाचे कपडे टाकायला वेगळं टोपलं. अंग धुऊन तो आत आला की ती म्हणायची, "हात बघू." तो दोन्ही पंजे तिच्या नाकापुढे धरायचा. ती हुंगायची आणि म्हणायची, "अजून येतोय." की स्वारी पुन्हा मागच्या पायरीवर. तो कुरकुरायचा, पण कामावर इतरांना मोठ्या फुशारकीने सांगायचा, "आमच्याकडे तपासणी झाल्याशिवाय ताट मिळत नाही." दुसऱ्याच्या पेल्यातलं पाणी ती प्यायची नाही. भातात केस निघाला की तिचं जेवण तिथेच संपायचं. एकदा त्याने गंमत म्हणून बेसिनखालच्या वाकड्या नळीतून निघालेला केसांचा बोळा कागदात गुंडाळून घरी आणला होता आणि तिच्यासमोर उलगडला होता. दुसऱ्या दिवशी दिवेलागणीपर्यंत ती त्याच्याशी बोलली नाही. तो पोट धरधरून हसला होता.

त्याला स्वतःला मात्र कशाचीच किळस नव्हती. तो हातांनी बघायचा. बेसिनखाली, भिंत आणि पाइप यांच्या बेचक्यात, जिथे मान वळत नाही आणि बॅटरीचा उजेड पोचत नाही, तिथे त्याची बोटं जायची आणि सांगायची की आटे तिरके बसलेत, वॉशर कुजलाय, किंवा आधीच्या कारागिराने चिंधी कोंबून वेळ मारून नेली आहे. बोटांना जे लागायचं ते घाण आहे की स्वच्छ, हा प्रश्न त्याच्या डोक्यात यायचाच नाही.

उंचावरून पडला असता तर निदान चार लोकांत सांगता तरी आलं असतं. तो पडला एका गिऱ्हाइकाच्या न्हाणीघरात, स्टुलावरून. गिझरची जोडणी आवळताना स्टुलाचा पाय साबणावरून सरकला आणि त्याची मान बेसिनच्या कडेवर आपटली. जमिनीवर पडल्या पडल्या त्याला घरमालकाचा आवाज ऐकू आला, "अरे, बेसिन तडकलं की काय?" ते शब्द त्याला लख्ख ऐकू आले. स्वतःच्या अंगाकडून मात्र काहीच निरोप आला नाही.

मानेतला मणका सरकून आतली मज्जारज्जू चेपली होती. पाय गेले. खांदे हलत होते, कोपर दुमडत होतं, मनगट वर उचललं जात होतं. बोटं मात्र हलत नव्हती. अंगठ्याला थोडीफार जाण उरली होती. करंगळी तर दुसऱ्याच कुणाची तरी आणून आपल्या हाताला चिकटवल्यासारखी वाटायची.

हातांचे व्यायाम घेणारी थेरपिस्ट तरुण होती, जाड भिंगांचा चष्मा लावायची आणि फार गोड बोलायची नाही, एवढं एक त्याला तिचं आवडलं होतं. तिला खोली नव्हती. चादरींच्या कोठाराशेजारी, व्हरांड्याच्या टोकाला एक टेबल हाच तिचा विभाग. पहिल्या दिवशी तिने त्याच्यापुढे रंगीत रिंगा, लाकडी ठोकळे आणि कपडे वाळत घालायचे चिमटे मांडले.

"हे लहान मुलांचं आहे," तो म्हणाला.

"हो. मुलांच्या वॉर्डातूनच आणलंय. दुसरं काही मिळत नाही मला." तिने एक ठोकळा पुढे सरकवला. "मनगट वर उचला, काका. बोटांकडे लक्ष देऊ नका."

त्याने मनगट उचललं. बोटं आपोआप आत वळली आणि अंगठा तर्जनीच्या कडेला येऊन टेकला. मनगट सोडलं तशी ती पुन्हा लोंबली. मेलेला कोळी उलटा पडल्यावर त्याचे पाय जसे आत आखडतात, तसं त्याला ते दिसलं. त्याने तोंड फिरवलं.

"ह्याला पकड म्हणत नाहीत," तो म्हणाला. "पकड म्हणजे काय, ते मला ठाऊक आहे."

"ती गेली, काका. आता ही आहे."

त्याच दुपारी थेरपिस्ट वॉर्डात आली तेव्हा बायको त्याचा पंजा मांडीवर घेऊन बसली होती. रोज दुपारी बसायची. तेल लावून एकेक बोट सरळ करायची, मनगट मागे रेटून पंजा पसरायची आणि वरून दाबायची, एखादा चुरगळलेला कागद सारखा करावा तशी.

"काकू, थांबा," थेरपिस्ट म्हणाली. "असं नका करू. बोटं थोडी आखडलेलीच हवीत."

"आखडलेली? सगळे तर म्हणतात चोळा, मोकळी करा."

"मोकळी झाली तर मनगट उचलल्यावर मिटणार नाहीत. त्या आखडण्यावरच त्यांची सगळी पकड आहे. सरळ करायचीच असतील तर आधी मनगट खाली सोडायचं, मग बोटं. दोन्ही एकदम कधीच ताणायचं नाही."

बायकोने हात काढून घेतले. "म्हणजे मी इतके दिवस ह्यांचं नुकसानच करत होते?"

"बिघडलं नाही अजून काही. वेळेवर दिसलं."

थेरपिस्ट गेली. बायको तेलकट हातांकडे बघत बसली आणि मग ते तिने पुन्हा तसेच कपड्यांना पुसले. त्यानंतर दुपारी काय करायचं ते तिला सुचेना. खाटेखालच्या वस्तू काढायची आणि परत तिथेच ठेवायची.

पुढच्या आठवड्यात थेरपिस्टने विचारलं, "काका, तुम्हाला सगळ्यात आधी काय यायला हवंय? चमचा? दात घासणं? फोन?"

"पिशवी."

"कुठली पिशवी?"

त्याने हनुवटीने पायाकडे दाखवलं. "ही. हिचा खटका."

"ते काकू करतात ना?"

"म्हणूनच."

तिने वाकून खटका बघितला. मग म्हणाली, "चमचा सोपा आहे त्यापेक्षा. चमच्याने सुरुवात केली की माणसाला हुरूप येतो."

"चमच्याने ती भरवते ते मला चालतं. भरवणं बघायला काही वाईट दिसत नाही. हे मला बघवत नाही."

"खटका कडक असतो. त्यात पुढे वाकावं लागेल. तुमचा तोल राहत नाही. वाकलात तर परत वर येणार कसे?"

"ते तुम्ही शिकवा. त्यासाठीच तुम्हाला ठेवलंय ना इथे?"

ती पहिल्यांदा हसली. दुसऱ्या दिवशी एक कोरी पिशवी नळाच्या पाण्याने भरून तिने टेबलाच्या कडेला टांगली. हाताला आधार द्यायच्या स्प्लिंटसाठी वापरायचा प्लास्टिकचा तुकडा गरम पाण्यात मऊ करून त्याचं एक कडं वळलं आणि ते खटक्याला बसवलं. त्या कड्यात अंगठा अडकवायचा आणि बोटांच्या भरवशावर न राहता सगळा हात खांद्यापासून ओढायचा. सांगायला एवढंच होतं. अंगठा कड्यात जायचाच नाही. गेला तर ओढताना निसटायचा. खटका अर्धा उघडून पाणी बाजूने फवारलं जायचं आणि त्याच्या मांडीवर सांडायचं. मांडीला काही कळायचं नाही. चड्डीवर पसरणारा ओला डाग मात्र डोळ्यांना दिसायचा. ते नळाचं स्वच्छ पाणी आहे हे माहीत असूनही त्याला शिसारी यायची. आयुष्यभर ज्या हातांना गटारातही काही वाटलं नव्हतं, त्यांचीच त्याला शिसारी यायची.

"पुन्हा," थेरपिस्ट म्हणायची आणि बादलीतून पिशवी भरायची.

अशात एक दिवस ती म्हणाली, "काका, एक काम आहे. उद्या पाहुणे येतायत, देणगी देणारे. मोठ्या डॉक्टरांनी तुम्हाला दाखवायचं ठरवलंय. फक्त पेला उचला, प्या आणि ठेवा. त्या बाई खूश झाल्या तर कोठारामागची खोली मला मिळेल."

"माझा तमाशा करणार म्हणा."

"हो," ती म्हणाली. "थोडा."

तो तयार झाला. दुसऱ्या दिवशी सकाळीच चादरी बदलल्या आणि फिनेलने फरशी पुसली. वॉर्डबॉयने त्याच्या पायावरच्या पिशवीवर टॉवेल टाकला. "झाकलेलं बरं," तो म्हणाला. पाहुण्या बाईंच्या आधी त्यांचं अत्तर आलं. सोबत मोबाइल धरलेला एक माणूस, मोठे डॉक्टर आणि मागे हसऱ्या चेहऱ्यांचा घोळका.

त्याने मनगट उचललं. बोटं मिटली. पेला हलका होता, प्लास्टिकचा. तो ओठांपर्यंत आला, दोन घोट पोटात गेले आणि पेला टेबलावर परत टेकला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. बाईंचे डोळे भरून आले होते. त्या पुढे झाल्या आणि त्यांनी त्याच्या गालावरून हात फिरवला.

"शाब्बास," त्या म्हणाल्या. "किती गोड आहेत हो हे."

तो पंचावन्न वर्षांचा होता. त्याच्या गालाला त्या हाताचा दमट मऊपणा नीट कळला, कारण मानेच्या वरचं सगळं शाबूत होतं. बाजूला होता येईना.

"जरा पुन्हा उचला ना," मोबाइलवाला म्हणाला. "कुणाचा तरी हात आडवा आला मध्ये."

"आता तुम्ही प्या, बाई," प्लंबर म्हणाला. "मी वाजवतो टाळ्या."

त्याने दोन्ही मनगटं उचलली आणि मिटलेले पंजे एकमेकांवर आपटले. मांसाचे दोन गोळे एकमेकांवर पडावेत तसा आवाज झाला. पुन्हा आपटले. कुणी हसलं नाही. मोबाइल खाली झाला. मोठे डॉक्टर म्हणाले, "पेशंट जरा थकलेत आज," आणि घोळका पुढच्या खाटेकडे सरकला. त्याच्या बायकोने टॉवेल काढून घडी करून ठेवला.

कोठारामागची खोली थेरपिस्टला मिळाली नाही. तिथे मोडक्या खुर्च्या ठेवल्या. ती रोज वेळेवर यायची, पिशवी टांगायची, "पुन्हा" म्हणायची. त्यापलीकडे एक शब्द नाही. शेवटी त्यानेच तोंड उघडलं.

"चुकलं माझं."

"चुकलं असं नाही." ती बादली खाली ठेवत होती. "तुम्हाला त्या दिवशी किळस आली. मला दर खेपेला येते. मी हसते, नमस्कार करते आणि चहा देते. त्या खोलीत गरम पाण्याचा नळ होता, काका. इथे मी रोज दोन जिने चढून बादली आणते."

नळाचं नाव निघाल्यावर खाली बघत त्याने अंगठा कड्यात घातला. त्या दिवशी तो निसटला नाही.

घरी सोडलं तेव्हा त्याला खटका कधी जमायचा, कधी नाही. घर तळमजल्यावर दोन खोल्यांचं होतं. न्हाणीघराचा उंबरा शेजारच्या गवंड्याने फोडून दिला होता, त्यामुळे चाकांची खुर्ची थेट आत जायची. पण बायको त्याला तिथवर जाऊच द्यायची नाही. जिथे असेल तिथेच भांडं घेऊन यायची. सगळं झटपट, बोलता बोलता. दार उघडं टाकूनच आंघोळ करायची, त्याची हाक ऐकू यावी म्हणून, आणि अंग पुरतं न पुसताच बाहेर यायची. केस तेलकट राहायचे. तो बघायचा.

एकदा ती गॅसवर दूध आटवत होती. मध्येच येऊन तिने पिशवी सोडली, भांडं ओतलं, हात नळाखाली नुसते दाखवल्यासारखे केले आणि परत जाऊन चमच्याने दूध ढवळलं. चमचा चाटून बघितला.

"तुला घाण वाटत नाही का गं?" तो एवढ्या मोठ्याने बोलला की ती दचकली.

"काय झालं?"

"ह्याची. माझी. तुला काहीच कसं वाटत नाही? पूर्वी तू माझे हात हुंगून बघायचीस."

तिने गॅस बारीक केला. बराच वेळ दूध ढवळत राहिली.

"वाटायची," ती म्हणाली. "सुरुवातीला दवाखान्यात रोज मागच्या जिन्यात जाऊन ओकून यायचे. तुम्हाला कळू दिलं नाही. मग खाल्लेलं पोटात राहीना. अंगात त्राण राहिलं नाही. एक दिवस तुम्हाला कुशीवर वळवताना माझ्याच डोळ्यांपुढे अंधारी आली. मग म्हटलं, पुरे झालं. मुद्दाम एका हातात बिस्किट घेऊन पिशवी सोडायला लागले. खायचं, चावायचं, गिळायचं. थोड्या दिवसांनी गेली."

"काय गेली?"

"किळस. आणखी काय?"

तिने हे उन्हाळ्यात पाणी गेलं म्हणावं इतक्या सहज सांगितलं. इतके दिवस त्याला वाटत होतं की ही आता कोडगी झाली, निब्बर झाली. प्रत्यक्षात आपलं नाक तिने स्वतःच्या हाताने बुजवून टाकलं होतं, एखादी गळती बुजवावी तसं, आणि तेही त्याच्या उशापाशी बसून, त्याच्या डोळ्यांदेखत, बिस्किटं खात.

"उद्यापासून पिशवी मी सोडणार," तो म्हणाला.

"पडाल."

"पडलो तर हाक मारीन."

सकाळी तिने खुर्ची न्हाणीघरात नेली, कमोडच्या भांड्याशी आडवी लावली आणि ब्रेक दाबले. त्याने तिला बाहेर जायला सांगितलं. दार लोटून ती पलीकडे उभी राहिली. फटीतून तिची सावली दिसत होती.

त्याने डावं कोपर खुर्चीच्या मागच्या दांड्यात अडकवलं आणि उजवा खांदा पुढे सोडला. सगळं धड एका बाजूला ओघळलं. क्षणभर फरशी तोंडावर येते की काय असं वाटलं, पण कोपराने धरलं. उजव्या हाताच्या कडेने नळीचं टोक भांड्याच्या काठाशी लोटलं. अंगठा कड्याशी नेला. पहिल्यांदा कडं हुकलं, दुसऱ्यांदा नखावर आदळलं. मग अंगठा आत गेला आणि त्याने खांद्यापासून ओढ दिली. खटका एकदम उघडला. धार आधी त्याच्याच पावलावर आणि फरशीवर उडाली, मग भांड्यात पडू लागली. वास चढला. उबट, आंबूस, रात्रभर साचलेला. वाकलेला असल्याने नाक अगदी भांड्यावर होतं. त्याला सणकून किळस आली, पोटापर्यंत नाही तरी मानेपर्यंत. पण ती त्याची एकट्याची होती. त्याने तोंड फिरवलं नाही.

खटका बंद करणं अधिक कठीण गेलं. पंजाच्या कडेने दोन-तीनदा रेटल्यावर तो बसला. मग कोपर ओढत, दात खात, तो हळूहळू सरळ झाला. डोळ्यांपुढे काजवे चमकत होते. बेसिनच्या लांब दांड्याचा नळ मनगटाने उघडून त्याने हात धारेखाली धरले, साबणावर फिरवले आणि एकमेकांवर घासत राहिला, बाहेरची सावली अस्वस्थ होईपर्यंत.

"झालं," तो म्हणाला.

ती आत आली. फरशीवरचं ओलं बघून तिने पाणी मारायला तांब्या उचलला, मारलं, आणि तांब्या हातात घेऊन तशीच उभी राहिली.

"आता मी काय करू?" तिने विचारलं.

"आंघोळ कर. सावकाश. मी बसतो खिडकीपाशी."

तिने त्याला खिडकीपाशी नेऊन बसवलं आणि त्याच्याकडे वळून वळून बघत परत गेली. न्हाणीघराचं दार लागलं. थोडा वेळ काही आवाज आला नाही. मग आतून कडी सरकली.

नळ सुरू झाला. खुर्चीत तो मघापासून एका बाजूला घसरत चालला होता. पाय मध्येच थरथरायला लागला होता आणि पायपट्टीवरून निसटू पाहत होता. कुणी तरी काखेत हात घालून वर ओढायला हवं होतं. त्याने हाक मारली नाही. कोपर खुर्चीच्या हातावर रोवून तो बसून राहिला.

पाणी थांबलं. आता ती येईल, असं त्याला वाटलं. पण नळ पुन्हा सुरू झाला, आणि बराच वेळ चालू राहिला.